रशियाकडून तेल घेतो, तसे बोअरहोलचे आकडेही घ्या : पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली
तसंच राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, वास्को, गोवा इथली शास्त्रज्ञ मंडळी

स. न. वि. वि.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण सरकारी पत्रात मुद्दा तिसऱ्या पानावर आला की तो तिथंच राहतो. सायबेरियातली हजारो वर्षं गोठलेली जमीन गरम होतेय, तिचं तापमान मोजणारी बोअरहोलं रशियात आहेत, २०२२ पासून त्यांचे आकडे बाहेरच्या जगाला मिळणं जवळजवळ बंद झालंय, आणि मॉस्कोशी आजही मोकळेपणाने बोलू शकतील अशा मोजक्या देशांत आपण आहोत. तर ते आकडे मागा, मिळवा आणि सगळ्यांसाठी खुले करा. मागणं एवढंच. पुढचं सगळं ते का मागतोय त्याबद्दल.

मी कोण म्हणाल तर सॉइल टेस्टिंगवाला. साइटवर बोअर घ्यायचे, नमुने लॅबला पाठवायचे आणि मग बिल्डर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंट या तिघांनाही न आवडणारा रिपोर्ट द्यायचा हा आमचा धंदा. ध्रुवीय शास्त्रज्ञ वगैरे अजिबात नाही. पण काळ्या मातीत घर बांधलेल्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जोत्यापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत भिंतीला तिरका तडा जातो, मग वरून कितीही प्लास्टर मारा. आर्क्टिकच्या जमिनीबद्दल वाचायला लागलो ते याच सवयीने, आणि वाचता वाचता जाणवलं की पाया, पाइल, ड्रेनेज, सेटलमेंट, सगळी आमचीच भाषा चाललीय, फक्त तिथं खेळ बर्फाचा आहे.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन. ही नुसती व्याख्या झाली, प्रत्यक्षात ती हजारो वर्षं आणि काही ठिकाणी लाखो वर्षं गोठलेली आहे. उत्तर गोलार्धातली साधारण १५ टक्के जमीन अशी. सगळ्यात वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात परत गोठतो, गवत-झाडं जी काय आहेत ती त्याच थरात, आणि त्याच्याखाली दगडासारखं कडक. रशियाच्या याकुतियात हे किती खोल जातं त्याचा किस्सा भारी आहे. एका व्यापारी कंपनीच्या शेर्गिन नावाच्या माणसाने १८२८ च्या सुमारास याकुत्स्क गावात पाण्यासाठी विहीर खणायला घेतली आणि कित्येक वर्षं खणत राहिला, ११६ मीटर खाली गेला तरी जमीन गोठलेलीच, पाण्याचा थेंब नाही. पण पुढे शास्त्रज्ञांनी त्याच विहिरीत थर्मामीटर सोडून वेगवेगळ्या खोलीवरची तापमानं घेतली. म्हणजे फसलेली विहीर, पण बोअर म्हणून एक नंबर.

आता याकुत्स्क लाखो वस्तीचं शहर आहे आणि ते सगळं याच जमिनीवर उभं आहे. तिथं इमारत जमिनीला टेकवत नाहीत. जमिनीत भोक पाडून काँक्रीटचे पाइल, म्हणजे लांब खांब, सोडतात, भोवतीचा चिखल गोठला की पाइल पक्का धरला जातो, आणि वरची इमारत जमिनीपासून माणसाला वाकून जाता येईल एवढी उचललेली असते. का, तर घरातली ऊब खाली जाऊ नये आणि हिवाळ्यातला गार वारा मधल्या फटीतून खेळत राहावा. डोकं लावून केलेलं काम आहे, सोविएत इंजिनियरांना मानलंच पाहिजे. पण यात एक गोम आहे, जी वर्तमानपत्रात क्वचितच येते. पाइलची पकड जमीन वितळेपर्यंत शाबूत आणि वितळली की खलास, असं नसतं. उणे पाच अंशाची गोठलेली माती पाइलला जेवढं धरते त्याच्या बरंच कमी उणे एक अंशाची माती धरते. बर्फ बर्फच असतो, चिखल अजून झालेला नसतो, फोटो काढलात तर काहीही बिघडलेलं दिसणार नाही, आणि तरी इमारत खचायला सुरुवात झालेली असते. म्हणून तिथं सॅटेलाइट फोटो पुरत नाही हो. जमिनीच्या आत, दहा-वीस मीटर खोल, दरवर्षी तापमान किती सरकलं ते बोअरहोलमधला सेन्सरच सांगतो. दुसरा उपाय नाही.

आणि ते सरकतंय. जगभरच्या बोअरहोलच्या नोंदी एकत्र करून २००७ ते २०१६ या काळाचा हिशोब निघाला होता, पर्माफ्रॉस्ट सरासरी सुमारे ०.३ अंशाने तापला. ऐकायला कायच्या काय कमी वाटतं. पण जी जमीन उणे एकवर आलीय तिला ०.३ म्हणजे काय ते वरच्या पॅऱ्यावरून कळेल. हवेचं तर विचारूच नका, १९७९ पासून आर्क्टिक बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. २० जून २०२० ला याकुतियातल्याच वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश नोंदवले गेले, जागतिक हवामान संघटनेने नंतर तपासून तो आर्क्टिकचा उच्चांक म्हणून मान्य केला. नाशिककराला ३८ म्हणजे एप्रिलमधला बऱ्यापैकी बरा दिवस, पण हे गाव हिवाळ्यात उणे साठच्याही खाली गेलेलं आहे.

त्याच्या तीनच आठवडे आधी, २९ मे २०२० ला, उत्तर सायबेरियातल्या नॉरिल्स्क शहरात डिझेलची टाकी खचली. पाया बसला, टाकी फाटली आणि वीस हजार टनांहून जास्त डिझेल जमिनीत आणि अंबारनाया नदीत गेलं, नदी लाल झाली, ती लाल नदी सॅटेलाइटवरून दिसत होती. नॉरनिकेल कंपनी म्हणाली पर्माफ्रॉस्ट वितळला, सरकारी तपासात बांधकाम आणि देखभालीतल्या चुकाही निघाल्या, शेवटी कंपनीला १४६ अब्ज रूबलच्या आसपास भरपाई भरावी लागली. माझं मत विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. ढिला पाया आणि बदलती जमीन हे जोडीनेच येतात, आणि कोर्टात मात्र एकालाच उभं करता येतं. याकुत्स्कमध्येही बऱ्याच इमारतींखाली फुटलेल्या गरम पाण्याच्या पाइपांनी जमीन खराब केलीय, सगळं खापर हवामानावर फोडता येत नाही. पण त्यामुळेच तर मोजमाप पाहिजे ना, कुठं पाइप फुटला आणि कुठं खरंच जमीन तापली ते वेगळं काढायला.

मोठ्या शहरांचं, कंपन्यांचं निदान बातम्यांत येतं. याकुत्स्कच्या पूर्वेला चुरापचा नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या विमानतळाची जागा बघा फोटोत. एकेकाळी सपाट होती, विमानं उतरायची. खाली बर्फाच्या पाचरी होत्या, जमिनीत उभ्या शिरलेल्या, एकमेकींना जोडून जाळीसारख्या पसरलेल्या. त्या वितळल्या तिथली माती खाली बसली, मधली तशीच राहिली, आणि आता सगळीकडे उंचवटे आणि मध्ये पाणथळ चर, चालणंसुद्धा मुश्कील. सखा लोक म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ते घोडे आणि गुरं पाळतात, त्यांची चराईची कुरणं, गवत कापायच्या जागा अशाच खचतायत. घराजवळ जमिनीत खणलेली तळघरं असतात, बुलुस म्हणतात, मांस, मासे आणि पिण्याच्या पाण्याचा बर्फ वर्षभर त्यात राहायचा, वीज लागायची नाही. आता बऱ्याच बुलुसमध्ये पाणी शिरतं. तिकडे अलास्कात न्यूटॉक नावाचं युपिक लोकांचं अख्खं गाव नदी आणि वितळत्या जमिनीपुढे टिकेना म्हणून उचलून मर्टारविकला न्यावं लागलं, शेवटची कुटुंबं २०२४ मध्ये हलली. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाला किती वर्षं लागतात हे माहीत असल्यामुळे त्या लोकांनी अमेरिकेसारख्या देशातही दोनेक दशकं कागद फिरवले याचं मला नवल वाटलं नाही.

बरं, हे झालं तिथल्यांचं. दिल्लीने का लक्ष घालावं? कारण कार्बन.

गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षांची मुळं, गवत, शेवाळ, प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. हिशोब १,४६० ते १,६०० अब्ज टन कार्बनचा, म्हणजे आज सगळ्या हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. जमीन वितळली की जिवाणू कामाला लागतात, हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड, पाण्याखाली कोंडलं गेलं तर मिथेन. अलास्का विद्यापीठाच्या केटी वॉल्टर अँथनी गोठलेल्या तळ्यावर जाऊन बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांना भोक पाडतात आणि काडी लावतात, डोक्याच्या वर भडका उडतो, व्हिडिओ आहेत, जरूर बघा. फक्त ते बघून 'मिथेन बॉम्ब, जगबुडी' असले जे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात त्यात फार दम नाही. एका दिवसात स्फोट होऊन संपायचं हे प्रकरण नाही, हे हळूहळू शतकभर गळत राहणारं आहे, आणि एकदा लागलेली गळती कुठल्याही कराराने बंद होत नाही. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात म्हटलंय की वणव्यांचा धूर धरला तर टुंड्रा, म्हणजे आर्क्टिकचा झाडं नसलेला गोठलेला प्रदेश, आता कार्बन साठवण्याऐवजी सोडायला लागलाय.

आता आकडा बघा, यातच सगळी मेख आहे. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं हवामान बदलावरचं शास्त्रज्ञ मंडळ, त्यांच्या सहाव्या अहवालानुसार तापमानाच्या दर एक अंश वाढीमागे पर्माफ्रॉस्टमधून २१०० पर्यंत साधारण १८ अब्ज टन कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडेल, पण रेंज दिलीय ३ ते ४१. तीन ते एक्केचाळीस! मी असा सॉइल रिपोर्ट दिला की सेफ बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे जमीन किती भार पेलेल तो आकडा, तीन ते एक्केचाळीसच्या मध्ये कुठंतरी असेल, तर बिल्डर मला साइटवर उभा करणार नाही. यात आयपीसीसीची चूक नाही, जेवढं मोजलं तेवढ्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण या दोन टोकांतला फरक कार्बन डायऑक्साइडमध्ये केला तर सुमारे १४० अब्ज टन होतो, आणि भारत आज कोळसा-तेल-गॅस जाळून वर्षाला तीन अब्ज टनांच्या वर थोडं सोडतो. म्हणजे आपल्या चाळीसेक वर्षांच्या धुराएवढी नुसती अनिश्चितता, तीही एका अंशामागे.

हवामान परिषदांत आपलं शिष्टमंडळ वर्षानुवर्षं एक गोष्ट ठासून मांडतं आणि ती मला पटते, की हवेत अजून किती कार्बन सोडता येईल त्याचं एक ठरलेलं बजेट आहे, श्रीमंत देशांनी त्यातला मोठा वाटा आधीच संपवलाय, उरलेल्यात आमचा न्याय्य वाटा द्या. बरोबर. पण सायबेरियातली जमीन त्या उरलेल्या बजेटमधून खायला बसलीय आणि ती कुणाच्याच पानात धरली जात नाही. देश आपापल्या उत्सर्जनाचा जो हिशोब देतात त्यात माणसाच्या व्यवस्थापनाखालची जमीनच मोजायची असा नियम आहे, रानातला टुंड्रा त्यात येत नाही, त्यामुळे तो धूर ना रशियाच्या खात्यात, ना कॅनडाच्या, ना अमेरिकेच्या. हवेत मात्र जातो. मग बजेट अचानक कमी भरलं की कात्री कुणाच्या वाट्याला लागेल? ज्याचा वाटा अजून वापरायचा राहिलाय त्याच्याच. म्हणून रेंज ३ ते ४१ वरून आकसणं ही आपली गरज आहे, उपकार नाही.

आणि ती आकसायची तर रशियातले आकडे पाहिजेत, त्याला पर्याय नाही. रशियाचा साधारण ६५ टक्के भूभाग पर्माफ्रॉस्टच्या पट्ट्यात आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे आर्क्टिक काउन्सिलमधल्या, म्हणजे आर्क्टिकच्या आठ देशांच्या मंडळातल्या, बाकीच्या सात देशांनी रशियाबरोबरचं काम थांबवलं. लेना नदीच्या मुखाशी सामोयलोव बेटावर जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट १९९८ पासून रशियन सहकाऱ्यांबरोबर मोजत होती, तेही थांबलं. युद्धाच्या बाबतीत कोण बरोबर कोण चूक त्यात मी शिरत नाही, तो माझा विषय नाही. पण २०२४ मध्ये नेचर क्लायमेट चेंजमध्ये एक अभ्यास आला, त्यात त्यांनी दाखवलं की रशियन स्टेशनं वगळली की उरलेल्या स्टेशनांवरून काढलेलं आर्क्टिकचं चित्रच वाकडं येतं. कुठल्याही साइटवर हेच होतं, अर्ध्या प्लॉटवर बोअर घेऊ दिले नाहीत आणि रिपोर्ट मात्र पूर्ण प्लॉटचा मागितला की असंच होणार.

इथं तुमच्यातले कुणी म्हणतील, आपलं हिमाद्री आहे की. आहे, आणि मला त्याचा अभिमानच आहे, २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंडला, ७९ अंश उत्तरेला आपलं स्टेशन चालतं, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातल्या मिट्ट काळोखातही आपली माणसं तिथं जायला लागली, हे सगळं वास्कोच्या ऑफिसातून चालतं म्हणजे कौतुकच आहे. पण न्यू-ऑलेसुंड समुद्राकाठी आहे, बाजूने उबदार प्रवाह जातो, तिथली जमीन याकुतियाच्या मधोमध असलेल्या, बर्फाच्या पाचरींनी भरलेल्या जमिनीसारखी वागत नाही. तिथला बोअर तिथल्यापुरता.

मग रस्ता कुठला, तर आपल्याकडे टेबलं आहेत. २०१३ पासून आपण आर्क्टिक काउन्सिलचे निरीक्षक आहोत. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे नेमकं सहकार्य गोठलं त्याच महिन्यात, आपलं आर्क्टिक धोरण जाहीर झालं, त्यात विज्ञान आणि हवामान हे वेगळे स्तंभ आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तरी सागरी मार्गासाठी, म्हणजे रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांच्या वाटेसाठी, भारत-रशिया संयुक्त कार्यगटाची पहिली बैठक दिल्लीत झाली. जहाजांच्या वाटेबद्दल बोलतोच आहोत तर त्या वाटेवरची बंदरं, गोदामं, रेल्वे, पाइपलाइन ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिचं तापमानही त्याच अजेंड्यावर टाका. धंद्याचाच प्रश्न आहे तो. २०१८ च्या एका अभ्यासानुसार पर्माफ्रॉस्ट पट्ट्यातल्या ७० टक्के बांधकामांना २०५० पर्यंत जमीन वितळण्याचा धोका आहे.

आणि सगळ्यात सोपं दार तर आपलंच आहे. सायबेरियाच्या उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, वांकोर तेलक्षेत्र आहे. त्यात ओएनजीसी विदेशचा २६ टक्के आणि ऑइल इंडिया, इंडियन ऑइल, भारत पेट्रोरिसोर्सेस यांचा मिळून २३.९ टक्के हिस्सा आहे, २०१६ मध्ये घेतलेला. म्हणजे जवळजवळ अर्धं आपलं, तुमच्या-माझ्या सरकारी कंपन्यांच्या पैशाचं, आणि ते पर्माफ्रॉस्टवर उभं आहे. अशा जमिनीवर विहिरी, टाक्या, पाइपलाइन चालवायच्या तर जमिनीचं तापमान बघावंच लागतं, त्याशिवाय कुठलाही शहाणा इंजिनियर काम पुढे नेणार नाही. भागीदार म्हणून त्या नोंदी मागायला आपल्याला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. पेट्रोलियम मंत्रालयाला एक पत्र, त्यांच्याकडून कंपन्यांना एक पत्र. तेलाचे गुपित आकडे कुणी मागत नाहीये, फक्त कुठल्या खोलीवर किती अंश, कुठल्या वर्षी, एवढंच.

रशियालाही यात तोटा नाही असं मला वाटतं. नॉरिल्स्कनंतर त्यांनी स्वतःच पर्माफ्रॉस्टवर सरकारी देखरेखीचं जाळं उभारायला घेतलंय, बोअर मारतायत, सेन्सर बसवतायत. याकुत्स्कची मेल्निकोव पर्माफ्रॉस्ट इन्स्टिट्यूट हे काम कित्येक दशकं करतेय, त्यांच्याइतका अनुभव जगात क्वचित कुणाकडे असेल. त्यांची विद्यापीठंही एकटी पडलीयत. आपले विद्यार्थी तिथं पाठवा, संयुक्त प्रकल्प काढा, गोव्यात आणि पुण्यात त्यांच्या लोकांना बोलवा.

आपल्या घरचा मुद्दाही आहेच. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीमला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, तीस्ता-३ चं चुंगथांगचं धरण वाहून गेलं, कित्येक माणसं गेली. नंतरच्या अभ्यासात निघालं की सरोवराच्या कडेची गोठलेली मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, सुमारे दीड कोटी घनमीटर, आत कोसळली आणि तिने लाट उठवली. लडाख, सिक्कीम, उत्तराखंडात वरती गोठलेली जमीन आहे, तिथंही आपण रस्ते, बोगदे, धरणं नेतोय, आणि त्या उंचीवर खोल बोअरहोलमधून वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदी फार थोड्या. याकुत्स्कवाल्यांकडून शिकायला मिळालं तर ते आधी आपल्याच बॉर्डर रोडच्या कामाला येईल.

तेव्हा पुढच्या भारत-रशिया बैठकीच्या अजेंड्यावर पर्माफ्रॉस्टच्या आकड्यांची एक ओळ घाला, वांकोरच्या नोंदींसाठी पेट्रोलियम मंत्रालयाला लिहा, आणि जे मिळेल ते वास्कोच्या केंद्राच्या वेबसाइटवर कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवा, मग जर्मन शास्त्रज्ञ असो की कोल्हापूरचा एमएस्सीचा पोरगा. रशिया नाही म्हणाला तर नाही म्हणाला असं तरी कळू द्या. या पत्राला उत्तर आलं तर आनंदच आहे, आणि नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून विचारीनच, त्याचे दहा रुपये काढून ठेवलेत.

कळावे,
आपला,
एक सॉइल टेस्टिंगवाला, नाशिक

ता. क. आकडे टाकाल तेव्हा कृपा करून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये टाकू नका. एक्सेल चालेल, सीएसव्ही असेल तर अजून बरं, आणि प्रत्येक बोअरची खोली, जागा आणि सेन्सर कधी बसवला ती तारीख त्यात असू द्या, नाहीतर नुसत्या तापमानाचा काही उपयोग होत नाही.